स्थलांतरितांच्या वस्तीतील आरोग्यसेविका: बहुभाषिक प्रशिक्षणाची आखणी

परप्रांतीय मजुरांच्या वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला चार गोष्टी त्या वस्तीच्या भाषेत करता याव्या लागतात. तिला घरोघर विचारपूस करायची असते, उत्तरांतून धोक्याची लक्षणे ओळखायची असतात, औषध किती व किती दिवस घ्यायचे ते समजावायचे असते आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढे रुग्णाचे म्हणणे जसेच्या तसे पोचवायचे असते. ही कौशल्ये एकमेकांपासून वेगळी आहेत. एखादीला गप्पा मारण्यापुरती भोजपुरी उत्तम येते, पण जंतुसंसर्गाबद्दल चार वाक्ये तिला त्या बोलीत जुळवता येत नाहीत. दुसरी दोन्ही भाषांत अस्खलित असते, पण दुभाषाचे काम करताना रुग्णाच्या दहा वाक्यांचे एक करून टाकते. मराठी पत्रकाचा हिंदी तर्जुमा छापून वाटल्याने यातले काहीच साधत नाही. तरी भाषेसाठी ठेवलेला पैसा बहुधा छापखान्यातच संपतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबई-ठाणे पट्ट्यातील झोपडपट्ट्या, भिवंडी, मालेगाव व इचलकरंजीचे यंत्रमाग, पुणे-पिंपरीच्या बांधकामांवरील लेबर कॅम्प आणि औद्योगिक वसाहतींभोवतीच्या चाळींत रोज उभा राहतो. आशा स्वयंसेविकांची योजना २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आली आणि २०१३ च्या शहरी आरोग्य अभियानाने ती शहरांतील गरीब वस्त्यांत नेली. शहरात एका आशेकडे साधारण दोनशे ते पाचशे कुटुंबे असतात. तिचे मूळ प्रशिक्षण राज्याच्या भाषेत होते: सुरुवातीला आठ दिवसांची ओळख आणि पुढे सहाव्या-सातव्या पुस्तिकांवर चार फेऱ्यांत मिळून वीस दिवस. ही घडी चांगली आहे. तिच्यात वस्तीच्या भाषेतला सराव कुठे बसवायचा, हे मात्र स्थानिक पातळीवर ठरवावे लागते.

वस्तीत काय बोलले जाते

आखणीची सुरुवात भाषांच्या पाहणीने करावी. ‘इथे सगळे हिंदीच बोलतात’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वस्तीत मिळते आणि ते अर्धेच खरे असते. नाक्यावर, कामावर, रिक्षात पुरुष हिंदी बोलतात. दोन महिन्यांपूर्वी मुर्शिदाबादहून किंवा तेलंगणातून आलेल्या सुनेला ती येतेच असे नाही. जनगणनेचा आकडाही इथे फारसा कामाचा नाही, कारण भोजपुरी, अवधी, मगही, छत्तीसगढी आणि राजस्थानी या सगळ्या तिथे हिंदीच्या खात्यात मोजल्या जातात. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांबाबतही आरोग्ययंत्रणेचा असाच समज होता. मेक्सिकोतून आलेला माणूस स्पॅनिश बोलणारच, असे धरून सगळी माहिती स्पॅनिशमध्ये काढली गेली. प्रत्यक्षात ओआहाका राज्यातून आलेल्या अनेकांची भाषा मिश्तेको, त्रिकी किंवा सापोतेको होती आणि स्पॅनिश त्यांनाही परकीच होती. सलिनास येथील नातिविदाद रुग्णालयाने अखेर त्या आदिवासी भाषांचे दुभाषे मुद्दाम तयार केले.

पाहणीसाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नसते. पल्स पोलिओच्या काळात बांधकामे, वीटभट्ट्या, पालांच्या वस्त्या आणि झोपडपट्ट्या यांच्या स्वतंत्र याद्या तयार झाल्या होत्या. लसीकरणाच्या सूक्ष्म नियोजनात अशा याद्या आजही ठेवल्या जातात. त्यांत एक रकाना वाढवावा. ‘मातृभाषा कोणती’ या प्रश्नाला लोक बऱ्याचदा अभिमानाने किंवा सोयीने उत्तर देतात. त्यापेक्षा तीन प्रश्न बरे: घरात मुलांशी कोणती बोली चालते, घरातली सर्वांत नवीन आलेली बाई कशात बोलते, आणि गाव कोणत्या जिल्ह्यातले. जिल्हा कळला की बोलीचा अंदाज पक्का होतो. शिवाय झारखंड किंवा बंगालमधून आलेल्यांत संथाळी बोलणारी कुटुंबे असतील, तर तेही याच प्रश्नातून निघते.

ही नोंद करताना एक पथ्य कडक पाळावे. बंगाली बोलणाऱ्या वस्त्यांत कागदपत्रांच्या तपासणीची धास्ती असते. वही घेऊन ‘गाव कोणते’ विचारणाऱ्या बाईबद्दल तिथे लगेच संशय येतो. आरोग्याच्या पाहणीत नागरिकत्वाचा किंवा ओळखपत्राचा प्रश्न घालू नये आणि ती यादी आरोग्यखात्याबाहेर देऊ नये. सेविकेला हे वस्तीत उघडपणे सांगता यावे, म्हणून तिच्या वरिष्ठांनी तसे लेखी द्यावे. एकदा गेलेला विश्वास उत्तम बंगालीनेही परत येत नाही.

कोणाला शिकवायचे

दोन वाटा असतात. असलेल्या सेविकेला नवी भाषा शिकवणे ही पहिली; वस्तीतल्याच बाईला आरोग्याचे काम शिकवणे ही दुसरी. दुसरी जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि टिकाऊ ठरते. प्रौढ माणसाला परकी बोली इतकी शिकवणे, की बाळंतिणीचे लाजेने अर्धवट बोललेले वाक्य कळावे, हे वर्षांचे काम आहे. बाळाला किती वेळा पाजायचे आणि ताप कसा मोजायचा, हे मात्र काही आठवड्यांत शिकवता येते. महाराष्ट्रात याचा पुरावा जुना आहे. जामखेडला १९७० मध्ये आरोळे दांपत्याने सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यांतल्या निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत केले. त्यांच्या घरोघरच्या सेवेने नवजात बालकांचे मृत्यू घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्याच धर्तीवर पुढे देशभर आशांकडे नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम आले.

अडचण येते ती निवडीच्या अटींत. आशा होण्यासाठी त्या भागात कायमचे राहणे आणि ठरावीक इयत्तेपर्यंतचे शिक्षण लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, गावी जाऊन-येऊन असणाऱ्या बाईला या अटी अडवतात. त्यावर व्यवहार्य तोड म्हणजे जोडी. नेमणुकीची आशा मराठी असू शकते, आणि तिच्याबरोबर प्रत्येक भाषागटातली एक सहायिका असावी. शहरी अभियानात पन्नास ते शंभर कुटुंबांमागे महिला आरोग्य समिती असते. सहायिका तिथूनच निवडावी, म्हणजे वेगळा घाट घालावा लागत नाही. निवडताना शिक्षणापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: बायका तिच्या खोलीवर आपणहून येतात का, आणि ऐकलेली गोष्ट ती पोटात ठेवते का. मुकादमाची किंवा घरमालकाची बायको सहसा टाळावी. ती बोलकी असते, तिला वेळही असतो, पण तिच्याजवळ गर्भपाताबद्दल किंवा मारहाणीबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

मोबदल्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवावा. आशांना कामागणिक पैसे मिळतात आणि या पद्धतीत दुभाषाच्या वेळेचा हिशेब सहसा सुटतो. रुग्णासोबत सिव्हिल हॉस्पिटलात गेलेला दिवस म्हणजे सहायिकेची बुडालेली रोजी. प्रशिक्षणाचे दिवस आणि सोबतीचे दिवस, दोन्ही अंदाजपत्रकात दिवसाच्या दराने धरावेत. ज्या कार्यक्रमात हे धरलेले नसते, तिथे सहा महिन्यांत सहायिका धुणीभांड्याच्या कामाला लागलेली दिसते, आणि तिचा काही दोष नसतो.

काय आणि कसे शिकवायचे

पहिली अवस्था आरोग्यविषयाची. ती समान भाषेत, म्हणजे बहुधा सोप्या हिंदीत, झाली तरी चालते, पण प्रत्येक सत्राचा शेवट आपापल्या बोलीतल्या सरावाने व्हावा. वर्गात भाषेप्रमाणे तीन-तीन, चार-चार जणींचे गट करावेत. शिकलेला निरोप त्यांनी आपसांत ठरवून बोलीत तयार करावा, मोठ्याने म्हणावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. मग तीच बोली जाणणाऱ्या, पण वर्गात नसलेल्या बाईला ते मुद्रण ऐकवून काय समजले ते विचारावे. तिच्या सांगण्यात आणि मूळ निरोपात फरक पडला, तर निरोप बदलावा. लिखित मजकुरापेक्षा ही पद्धत खात्रीची आहे, कारण यातल्या बऱ्याच बोली लोक बोलतात पण वाचत नाहीत. भोजपुरीतले पत्रक भोजपुरी बाईही अडखळतच वाचते. मोबाइलवरची भाषांतराची साधने बंगाली-तेलुगूसारख्या मोठ्या लिखित भाषांत मसुद्यापुरती वापरता येतात. बोलींच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये, आणि औषधाच्या प्रमाणाबाबत तर कुठल्याच भाषेत नाही.

विषय थोडे घ्यावेत. सगळी पुस्तिका पाच भाषांत नेण्याच्या खटाटोपात एकही भाग पक्का होत नाही. गरोदरपणातील व बाळंतपणानंतरची धोक्याची लक्षणे, नवजात बाळाची काळजी, जुलाब, लसीकरण, क्षयरोगाचा संशय आणि कामावरची दुखापत एवढ्यावर पहिले वर्ष काढावे. प्रत्येक विषयात आकडा असलेली वाक्ये वेगळी काढून घोटून घ्यावीत, कारण चुका तिथेच होतात. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, एकाच वेळी सगळी, आणि तयार पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचे. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी चौदा दिवस. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सेविकेच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. लिटर म्हणजे वस्तीत मिळणारी पाण्याची बाटली, हे हातात बाटली धरूनच शिकवावे. ‘पेला’ किंवा ‘तांब्या’ प्रत्येक प्रांतात वेगळ्या मापाचा असतो.

पाळीच्या तारखेकडे प्रशिक्षणात विशेष लक्ष द्यावे. शेवटची पाळी कधी आली यावरून बाळंतपणाची तारीख काढतात, आणि बायका ती सणावरून किंवा देशी महिन्यावरून सांगतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे कृष्णपक्षातल्या दिवसांना दोन्हीकडे वेगवेगळ्या महिन्यांची नावे असतात. जन्माष्टमी मराठी पंचांगात श्रावणात येते, बिहारच्या पंचांगात भादोमध्ये. बंगाली महिने तर सौर. त्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होते. मुस्लिम वस्त्यांतले चांद्र महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. मराठी सेविकेने ‘सावन’ ऐकून आपला श्रावण लिहिला, तर पंधरवड्याची चूक सहज होते. हा पंधरवडा किरकोळ नाही: बाळ अपुऱ्या दिवसांचे की पूर्ण दिवसांचे, याचा निर्णय त्यावर फिरतो. प्रत्येक भाषागटासाठी त्या वर्षाची एक पानी दिनदर्शिका करावी, तिच्यावर त्यांचे सण – छठ, होळी, ईद, दुर्गापूजा, बतुकम्मा – इंग्रजी तारखांसह छापावेत आणि नोंद नेहमी इंग्रजी तारखेनेच करावी.

आहाराचा सल्लाही तर्जुमा करून चालत नाही. नाचणी आणि भाकरीचा आग्रह बंगाली घरात निरुपयोगी ठरतो. तिथे भात, मुरमुरे, मासे, पालेभाज्या यांतून बेत सांगावा. बिहारी घरात सत्तू आयताच असतो. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध काढून टाकण्याची चाल काही कुटुंबांत असते. तिच्यावर टीका करण्याआधी ती कोणाच्या सांगण्यावरून पाळली जाते, हे सहायिकेकडून समजून घ्यावे. बहुतेक वेळा निर्णय गावाकडच्या सासूचा असतो आणि तिच्याशी फोनवर बोलणे हाच उपाय असतो. असे बोलणे हाही सरावाचा विषय करावा.

समजावून झाल्यावर ‘कळले का?’ विचारणे बंद करायला शिकवावे. उत्तर ‘हो’च येते. त्याऐवजी बाईकडून सांगून घ्यावे: घरी गेल्यावर हे पाणी कसे कराल, ते मला करून दाखवा. ही सवय लागायला वेळ लागतो, कारण परीक्षा घेतल्यासारखे वाटते. ‘मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे’ अशी सुरुवात केली की संकोच जातो.

दुभाषाचे काम

हा भाग बहुतेक प्रशिक्षणांत नसतोच. दोन भाषा येणाऱ्या बाईला दवाखान्यात उभे केले की झाले, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती थकते, गाळते, सावरून सांगते, कधी रुग्णाच्या वतीने स्वतःच उत्तर देते. किमान दोन दिवसांचा स्वतंत्र सराव लागतो. त्यात काही नियम हाडीमाशी भिनवावे लागतात: रुग्ण ‘मला दुखते’ म्हणाली तर ‘मला दुखते’ असेच सांगायचे, एकावेळी एक-दोन वाक्येच घ्यायची, न समजलेले पुन्हा विचारायचे, अंदाजाने भरायचे नाही, आपला सल्ला मध्ये घालायचा असेल तर ‘हे माझे म्हणणे’ असे दोघांनाही सांगून घालायचा, आणि ऐकलेले वस्तीत न्यायचे नाही. डॉक्टर, रुग्ण व दुभाषा अशा तिघींचे प्रसंग उभे करून हे शिकवावे. संथाळीसारख्या भाषेसाठी कधी दोन दुभाषे लागतात, एक संथाळी ते बंगाली आणि दुसरी बंगाली ते मराठी. अशा वेळी वाक्ये आणखी छोटी करावीत आणि शेवटी सगळे म्हणणे उलट वाटेने रुग्णापर्यंत नेऊन तपासावे.

दुभाषा कोणी होऊ नये, हेही ठरलेले असावे. शाळेत जाणारी मुलगी मराठी छान बोलते म्हणून तिला आईच्या अंगावरून पांढरे जाण्याबद्दल विचारायला लावणे दोघींवरही अन्याय आहे. नवऱ्यासमोर बाई मारहाणीचे, आधीच्या गर्भपाताचे किंवा क्षयाच्या जुन्या उपचाराचे बोलत नाही. मुकादमासमोर मजूर दुखापत लपवतो, कारण उचल फिटायची असते. आणीबाणीत यांच्यावाचून इलाज नसेल तर त्यांचा उपयोग रक्तस्राव, बेशुद्धी, विषबाधा अशा तातडीच्या प्रश्नांपुरता ठेवावा आणि नंतर सहायिकेच्या मदतीने विचारपूस पुन्हा करावी.

डॉक्टर आणि परिचारिकांनाही अर्ध्या दिवसाचे सत्र हवे. दुभाषाकडे पाहून ‘तिला विचार, किती दिवस झाले’ असे बोलणारे डॉक्टर सगळा सराव वाया घालवतात. रुग्णाकडे पाहून, तिलाच उद्देशून, तुकड्या-तुकड्याने बोलायचे, एवढे त्यांनी शिकले तरी पुरे.

गावी जाणाऱ्यांची सोय

स्थलांतरित रुग्ण उपचाराच्या मध्येच निघून जातात: सणाला, पेरणीला, पहिल्या बाळंतपणाला. क्षयाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि तेवढा काळ सलग एका ठिकाणी राहणे अनेकांना जमत नाही. म्हणून निघण्यापूर्वीची भेट हा प्रशिक्षणाचा वेगळा धडा करावा. पुढच्या मुक्कामाचा जिल्हा विचारायचा, क्षयरुग्ण असेल तर ‘निक्षय’ प्रणालीत बदली करून घ्यायची, प्रवासापुरती औषधे द्यायची आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवायला सांगायचे. कार्डावरच्या नोंदी पुढच्या सेविकेला वाचता आल्या पाहिजेत. बिहारमध्ये देवनागरी चालेल, बंगाल-तेलंगणात नाही. तेव्हा लसींची व औषधांची नावे रोमन लिपीत, तारखा इंग्रजी अंकांत आणि महिना आकड्याऐवजी अक्षरांत लिहावा.

मराठी माणूसही याच्या दुसऱ्या टोकाला असतो. बीड, जालना, अहिल्यानगर भागातून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांपैकी कित्येक दिवाळीनंतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथली आशा कन्नड बोलते. टोळीतल्या बंजारा बायका घरात गोरमाटी बोलतात आणि मराठीही त्यांची दुसरी भाषा असते. हंगाम निश्चित, टोळ्या निश्चित, कारखानेही बहुतेक तेच. त्यामुळे तयारी गावातच करता येते. टोळीतल्या एका बाईला निघण्याआधी धोक्याची लक्षणे, प्रथमोपचार आणि १०८ क्रमांकावर पत्ता कसा सांगायचा, एवढे शिकवून आणि त्या भागातील आशेचा फोन नंबर देऊन पाठवले, तर फडावरच्या बाळंतपणात तिचा उपयोग होतो.

याच अंगाने यजमान भाषा शिकवण्याचाही विचार होतो. केरळच्या साक्षरता मिशनने २०१७ मध्ये ‘चंगाति’ हा स्थलांतरित मजुरांना मलयाळम शिकवणारा उपक्रम पेरुंबावूरला सुरू केला आणि त्यासाठी ‘हमारी मलयालम’ हे पुस्तक काढले. महाराष्ट्रातल्या वस्त्यांत दवाखान्यापुरत्या मराठीचे असे छोटे वर्ग चालवायला हरकत नाही. केसपेपर काढणे, खिडकी शोधणे, दुखणे कुठे ते सांगणे यांची भीती त्याने कमी होते. मात्र तेवढ्यावर भागवून सहायिकांचा खर्च वाचवू नये. प्रसूतीच्या कळा येत असताना शिकलेली भाषा आठवत नाही.

तपासणी आणि उजळणी

प्रशिक्षण किती जणींनी पूर्ण केले, हा आकडा अहवालाला पुरतो, कामाला पुरत नाही. मूल्यमापन त्या भाषेतच व्हावे: बोली जाणणारी परीक्षक रुग्ण बनते, सेविका तिला जुलाबाचा किंवा रक्तस्रावाचा सल्ला देते आणि परीक्षक ठरलेल्या मुद्द्यांवर खूण करते. आकडे चुकले तर बाकी कितीही गोड बोलले तरी पुन्हा सराव. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक सहसा मराठी असतात आणि परक्या बोलीतल्या भेटीचा दर्जा त्यांना कळत नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या वस्तीतल्या त्याच भाषेच्या सहायिकेला भेटींना सोबत पाठवावे. जामखेडला कार्यकर्त्या नियमाने एकत्र जमत आणि शिकलेले एकमेकींना पुन्हा सांगत. त्या धर्तीवर महिन्याला अर्ध्या दिवसाची भाषागटवार बैठक ठेवावी, शक्यतो दुपारी, पाणी येण्याच्या वेळेआधी. नव्याने आलेल्या बोलीची नोंद याच बैठकीत घ्यावी. बांधकामाचा टप्पा बदलला की ठेकेदार बदलतो, आणि त्याच्याबरोबर मजुरांचा जिल्हाही. फरशी बसवणारे येतात ते पाया खोदणाऱ्यांच्या गावचे नसतात. दोन भाषांची वस्ती वर्षभरात चार भाषांची होते, आणि भाषांची पाहणी वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर व होळीनंतर लोक परतले की, नव्याने करावी लागते.